घड्याळजीची बाग आणि पिवळी धूळ

माझे धाकटे दीर घड्याळं दुरुस्त करायचे. सगळी गल्ली त्यांना घड्याळवाले म्हणते, माझी नात घड्याळआजोबा म्हणते, आणि मी या घरात लग्न होऊन आले त्या दिवसापासून भाऊजी म्हणते. तेव्हा ते गुडघे फुटलेलं, नाक ओढणारं पोरगं होतं. तरी मी भाऊजीच म्हणायचे, आणि ते लगेच छाती पुढे काढायचे. त्यांचं लग्न काही झालं नाही. का नाही झालं म्हणून कोणी खोदून विचारलंच, तर म्हणायचे, दुसऱ्यांची वेळ लावता लावता आपली लावायची राहिली. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली त्यांच्या आधी मीच म्हणून मोकळी होते.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. कपाटात कपडे ठेवावेत तसे ते स्वतःला घडी घालून आत ठेवायचे. पंखा नाही, कारण पंख्यानं धूळ उडते. उघडलेलं घड्याळ टेबलावर, त्यावर पालथी काचेची वाटी, डोळ्यात भिंग, आणि श्वास नाकातल्या नाकात. शिंक आली की उठून रस्त्यावर जायचे, शिंकून परत यायचे. एकदा एका न्हाव्याचं भिंतीवरचं घड्याळ सारखं बंद पडायचं. दोनदा दुरुस्त केलं, दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा पाठीमागची फळी काढली तर आत कसल्याशा किड्यानं मातीचं घर बांधलेलं. तेव्हापासून सहा पायांचा प्रत्येक प्राणी त्यांचा वैरी झाला. घरात माशी शिरली की भाऊजी जेवण टाकून तिच्या मागे. आम्ही जेवायला बसलो की त्यांच्या ताटावर झाकण, आणि झाकणाखाली हात घालून ते घास काढणार. पाहुणे बघत राहायचे. धूळ आणि किडा, घड्याळाला एवढे दोनच रोग असतात, बाकी सगळं बरं करता येतं, असं ते म्हणायचे.

मग त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. आधी आम्हाला कळलं नाही, त्यांनी कळू दिलं नाही. चहाची कपबशी ते डाव्या हातानं उचलायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं. एके दिवशी बायकांच्या मनगटातलं एक नाजूक घड्याळ त्यांच्यापुढे होतं, त्याचा मोहरीएवढा स्क्रू चिमट्यातून निसटला. शोधला, उचलला, परत निसटला. मग त्यांनी ते घड्याळ वाटीखाली झाकलं, वाटीसकट उचलून समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या घड्याळवाल्याकडे नेऊन दिलं, आणि येताना जिन्याखालच्या जागेची किल्ली मालकाला देऊन आले. भर दुपारी घरी आलेले भाऊजी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. म्हणाले, वहिनी, चहा आहे का.

त्या दिवसापासून ते मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. सकाळी घरातल्या घड्याळांना किल्ली द्यायची आणि बसायचं. समोर अंगण, अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आणि काही नाही. जेवायला हाक मारली की हं. पोट भरलं का विचारलं की हं. माझे सासरे असेच बसले होते, त्याच दारात. माणूस खुर्चीत फार दिवस बसला की हळूहळू तोच खुर्ची होतो, त्याच्यावर लोक टॉवेल वाळत टाकायला लागतात. भाऊजींच्या खांद्यावर एक दिवस सूनबाईंनी घाईघाईत खरंच नातीचा मोजा ठेवला, आणि त्यांनी तो काढलासुद्धा नाही.

मी त्या दिवशी भोपळा चिरत होते. त्यातल्या बिया मुठीत घेतल्या आणि त्यांच्या मांडीवर टाकल्या. म्हटलं, भाऊजी, एवढ्या त्या कोपऱ्यात खोचून या, मला गुडघ्यांनी वाकवत नाही. गुडघे दुखतात हे खरंच होतं, पण एवढेही नव्हते. ते उठले. बिया हातात धरून बराच वेळ बघत राहिले, मग आत जाऊन भिंग घेऊन आले.

आणि मग काय विचारता. माणूस कामाला लागला. दोरी लावून ओळी आखल्या, ओळंबा लावून काठ्या पुरल्या. वेल आले तसे त्यांना सुतळीनं बांधलं, प्रत्येक गाठ सारखी. वेलींच्या बाजूला कोथिंबीर, मुळा, बडीशेप पेरली, पण जरा फूल यायचं लक्षण दिसलं की खुडून टाकायची, कारण फुलोरा आला की रोप विस्कटलेलं दिसतं. पडलेलं पान जमिनीवर टेकायच्या आत उचलायचे. मोकळी माती धोपटून धोपटून अशी सपाट केली की तिच्यावर पत्ते खेळावेत. ओल्या फडक्यानं पानं पुसायचे. साबणाचं पाणी करून शिंपडायचे, मुंगी दिसली की शिंपड, माशी दिसली की शिंपड. माझी नात म्हणाली, आजी, ही बाग नाहीये, हे आजोबांचं दुकान आहे. मला काय, दुकान तर दुकान. भाऊजी दोन वेळा नीट जेवत होते आणि मीठ कमी पडलं की बोलत होते. त्यांनी मीठ कमी म्हटलं त्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या दिवशीही कमी घातलं, परत ऐकायला मिळावं म्हणून.

तेवढ्यात फरशीचं निघालं.

माझा मुलगा काही वाईट नाही, हे आधीच सांगते. पण त्याची गाडी रस्त्यावर उभी असते, आणि आमचा रस्ता असा अरुंद की दोन माणसं भांडायला उभी राहिली तर तिसऱ्याला जाता येत नाही. दुधाच्या टेम्पोनं गाडी दोनदा खरवडली. मागच्या अंगणाला मागच्या गल्लीतून फाटक काढता येतं. तिथे फरशी घातली की गाडी आत. त्यानं गवंड्याला बोलावून माप घेतलं होतं आणि आम्हाला सांगायचं कसं, याच्या पेचात काही दिवस घालवले होते. शेवटी जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, काका, तसं मागचं अंगण रिकामंच असतं ना.

भाऊजींचा घास हातातच राहिला. रिकामं म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं नाही. घर भावाच्या नावावर, तो गेल्यावर पुतण्याचं झालेलं, आणि आपण त्यात राहतो, ही गोष्ट त्यांना कोणी कधी बोलून दाखवली नव्हती, पण ते स्वतःच स्वतःला ती रोज बोलून दाखवत असणार. म्हणाले, तुझं घर आहे, तू ठरव.

सूनबाईंना ते बरं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, एवढे वेल लावलेत त्यांनी, एक भोपळा तर येऊ दे. भोपळा धरला तर अंगण राहू दे, नाही धरला तर घाला फरशी. तसाही गवंडी दुसऱ्या कामात अडकलाय."

बिचाऱ्या सहज बोलून गेल्या, वाद टळावा म्हणून. पण बोललेलं घरात तसंच राहिलं, कोणी परत उचललं नाही. भाऊजी म्हणाले, मान्य. गिऱ्हाईकाला म्हणायचे तसंच.

फरशीशी माझं वैर नाही. माझ्या गुडघ्यांना फरशीच बरी. मला धास्ती एवढीच होती की फरशी पडल्यावर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे. दारातली खुर्ची मी माळ्यावर टाकून दिली होती, पण खुर्च्या काय, कुठूनही येतात.

वेलींना कळ्या आल्या. भोपळ्याची फुलं दोन तऱ्हेची असतात, हे ज्यांनी लावलाय त्यांना माहीत असेल. एक नुसतं लांब दांड्यावरचं, आणि दुसरं ज्याच्या बुडाशी सुपारीएवढा बाळभोपळा आधीपासूनच असतो. पहाटे उमलतात, ऊन चढलं की मिटतात. पहिलं बाळभोपळ्याचं फूल उमललं तेव्हा भाऊजींनी सगळ्यांना उठवलं. दोन-तीन दिवसांत ते बाळ पिवळं पडलं, मऊ झालं आणि गळून गेलं. दुसरं आलं, तेही तसंच. तिसरं, चौथं. आम्ही जेवताना त्याबद्दल बोलणं सोडून दिलं.

भाऊजींनी मग स्वच्छता आणखी वाढवली. त्यांना वाटलं, काहीतरी किडा लागतोय. माझ्या पलंगावरची मच्छरदाणी मागून नेली आणि वेलींवर अंथरली, कडेनं दगड ठेवले. भोपळ्याला मच्छरदाणी आणि डास माझ्याकडे. डास चावला तर खाजवता येतं. सकाळी भाऊजी मच्छरदाणीच्या आत शिरायचे, दुकानातला रबरी फुगा घेऊन. घड्याळातली धूळ उडवायचा फुगा, दाबला की फुस्स करतो. प्रत्येक फुलात ती पिवळी भुकटी असते ना, ती ते फुस्स फुस्स करून उडवायचे, अगदी कानाकोपऱ्यातून, आणि जी चिकटून राहील ती कुंचल्यानं झाडून घ्यायचे. म्हणायचे, एवढी धूळ साचल्यावर कुठलं काय चालणार. मला ते पटायचं. बागेतलं मला तरी काय कळतंय.

आमच्या भिंतीपलीकडे सिस्टर राहतात. जन्मभर दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, आता निवृत्त झाल्यावर म्हणतात, राहिलेली सगळी झोप वसूल करणार. त्यांच्या मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. बिया उधळतात आणि झोपतात. मुळा फुलून छातीएवढा झालेला, बडीशेपेच्या छत्र्या, कोथिंबिरीचं पांढरं फूल, सूर्यफुलं माना टाकून उभी, एक कुजका ओंडका पडलेला, त्याला भोकं. आणि भोपळे असे लोळत असायचे, जत्रेत हरवल्यासारखे. भाऊजी त्या अंगणाकडे बघायचेसुद्धा नाहीत. सिस्टर मात्र भिंतीवर कोपरं टेकून बघत बसायच्या.

"घड्याळवाले, कसल्या आंघोळी चालल्यात? वेलीचं लग्न आहे का आज?"

"आम्ही उकिरडा नाही ठेवत, सिस्टर."

"उकिरड्याला पोरं होतायत बघा."

एकदा त्यांनी एक भोपळाच भिंतीवरून दिला, म्हणाल्या, आमच्याकडे नकोसे झालेत. चांगल्या मनानं दिला असेल, पण भाऊजींच्या चेहऱ्यावरचं मी पाहिलं. रात्रभर तो भोपळा ओट्यावर बसून होता आणि त्याच्याकडे पाठ करून आम्ही जेवलो. त्यातच मुलगा सांगत होता की गवंड्याचं तिकडचं काम उरकत आलंय.

सकाळी भाऊजी म्हणाले, मी हा परत देऊन येतो. मी म्हटलं, दिलेली वस्तू परत करतात का कोणी. पण ते भोपळा कडेवर घेऊन निघालेच. सिस्टर अजून उठल्या नव्हत्या. मी दोरीवर कपडे टाकत होते. बराच वेळ काही आवाज नाही म्हणून वळून बघते तर भाऊजी भिंतीशी उभे, भोपळा छातीशी धरलेला, मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. मला वाटलं, झटका आला. हातातला कपडा टाकून धावले.

ते म्हणाले, "वहिनी, ऐका."

मी म्हटलं, काय ऐकू.

"हे चालू आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गिऱ्हाईकानं घड्याळ दिलं की ते आधी उघडायचे नाहीत, कानाशी धरायचे, मान अशीच कलती. मीही ऐकलं. पलीकडे सगळं गुणगुणत होतं, मुळ्याच्या फुलांवर, बडीशेपेवर, भोपळ्यांत. बारीक, एकसारखं, न थांबता. मग ते चार पावलं मागे आमच्या मच्छरदाणीशी आले, परत मान कलती केली. इथे काहीच नाही. पाण्याचा थेंब पडला तो तेवढा ऐकू आला.

"आपलं बंद आहे," ते म्हणाले.

भोपळा त्यांनी माझ्या हातात दिला आणि भिंग आणायला गेले. मग या वयात, पांढऱ्या पायजम्यानिशी, भिंत चढून पलीकडे उतरले. सिस्टर केस विस्कटलेल्या उठून दारात आल्या तर समोर घड्याळवाले मातीत गुडघे टेकून, डोळ्यात भिंग, तोंड भोपळ्याच्या फुलात. सिस्टरनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. भाऊजी हलले नाहीत. म्हणाले, थांबा, ती आत आहे.

मी पुढच्या दारानं वळसा घालून पोचले तेव्हा ते मातीत सरळ बसलेच होते, पायजम्याची पर्वा न करता. मला खूण करून जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, जसं काही कोणी मेल्याची बातमी सांगावी.

"ती माशी धूळ घेऊन जाते, वहिनी. या लांब दांड्याच्या फुलात लोळते, अंगभर पिवळी होते, आणि मग त्या बाळवाल्या फुलात जाऊन ठेवते. त्यानं तो धरतो. किल्ली आहे ती. आणि मी रोज सकाळी ती फुंकून टाकत होतो."

सिस्टर हसल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना त्या दिवसापासून मानते. म्हणाल्या, मला तरी कुठे माहीत होतं, मी झोपते म्हणून भोपळे येतात असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे एक बाळफूल उमललं. मच्छरदाणी काढून झाली होती, पण येणार कोण. इतके दिवस साबण शिंपडलेल्या दाराशी कोण येतं. भाऊजींनी मऊ कुंचला घेतला, लांब दांड्याच्या फुलातली भुकटी टिपली, आणि बाळफुलाशी नेली. हात थरथरायला लागला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. तरी कुंचला बसला तो आडवा, आणि फुलाचं आतलं नाजूक टोक मोडलं. मी म्हटलं, द्या, मी करते, माझा हात स्थिर आहे. ते नको म्हणाले. मी म्हटलं, हट्ट कसला, भोपळा धरल्याशी मतलब. त्यावर ते म्हणाले, "बोटानं काटे फिरवले म्हणजे घड्याळ चाललं असं होत नाही, वहिनी. त्यांनाच आणायला पाहिजे."

आता माणसांना बोलवायचं तर आमंत्रण देता येतं. माश्यांना काय द्यायचं. भाऊजींनी स्वतः केलेलं सगळं स्वतःच उलटं करायला घेतलं, आणि ते बघणं माझ्यानं होईना, इतकं त्यांना जड जायचं. पान पडलं की हात पुढे यायचा, मग ते हात पाठीमागे धरून उभे राहायचे. झाडू मी लपवला. त्यांनीच लपवायला सांगितला, आणि मग दुपारी मलाच विचारायला आले कुठे ठेवलाय. मी सांगितलं नाही. सपाट केलेली माती त्यांनी खुरप्यानं उकरून मोकळी केली. साबणाची बाटली सूनबाईंकडे दिली. कोथिंबिरीला आता माझा हात लागू देईनात, भाजीवर टाकायला चार काड्या मागितल्या तर म्हणाले, फुलू द्या. पण ती फुलेपर्यंत वेल थांबणार होता थोडाच. त्याची खालची पानं आधीच पांढुरकी पडायला लागली होती आणि बाळफुलं कमी कमी होत चालली होती.

तेव्हा भाऊजी सिस्टरकडे मागायला गेले. उकिरडा मागायला. मी आतून ऐकत होते. त्यांनी सांगायला सुरुवात करून तीनदा घसा साफ केला. सिस्टरनी पुरतं बोलूही दिलं नाही, फुललेला मुळा, बडीशेप, सूर्यफूल, जे कुंड्यांत होतं ते सगळं भिंतीवरून द्यायलाच लागल्या. मी, सूनबाई आणि भाऊजी झेलत होतो. सिस्टर प्रत्येक कुंडीबरोबर पेशंट सोपवल्यासारखं सांगायच्या, हिला पाणी कमी, याला ऊन जास्त, हा जरा रडका आहे. शेवटी तो भोकांचा ओंडकाही आला. भाऊजींनी तो दोन बोटांनी धरला, पण घेतला.

सूनबाईंना भीती होती की माश्या चावतील, पोरगी अंगणात खेळते. सिस्टर म्हणाल्या, त्यांना तुमच्यात काडीचा रस नाही, फक्त झटकू नका, मी दवाखान्यात इतकी माणसं टोचली की मला टोचायचा पहिला मान त्यांचा होता, तरी एकीनं टोचलं नाही. भाऊजींनी दुकानातल्या पेटीतून घड्याळांच्या जुन्या काचा काढल्या, गोल, खोलगट, आणि त्यात पाणी भरून मध्ये खडे ठेवले, माशीला पाय टेकायला. ओळीनं मांडल्या मात्र. तेवढी ओळ त्यांना सोडवली नाही.

पहिल्यांदा मुंग्या आल्या. मग एक निळसर माशी आली, जी पूर्वी त्यांनी घरभर पळवून मारली असती. भाऊजींनी तिला वाट करून दिली. मधमाश्या सिस्टरकडून भिंतीपर्यंत यायच्या, कुंड्यांवरच्या मुळ्यावर बसायच्या आणि परत जायच्या. भोपळ्याकडे वळायच्याच नाहीत. भाऊजी खायला आत येईनात. ताट बाहेर द्यावं लागायचं, आणि ते झाकण न ठेवता जेवायचे, हे मी पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही.

मग गवंड्याची वाळू येऊन दाराशी पडली.

त्या सकाळी वेलावर एकच बाळफूल उमललं होतं, आणि वर टोकाला आणखी कळी दिसत नव्हती. भाऊजी अंधार असल्यापासून तिथे बसलेले. गवंडी आला, ओळंबा, थापी, सगळं घेऊन. मुलगा दात घासत बाहेर आला, काकांकडे बघितलं, आणि तोंडात ब्रश तसाच ठेवून उभा राहिला. गवंड्यानं विचारलं, साहेब, ही लाकडं काढायची ना आधी. त्याचा काय दोष. मी म्हटलं, आधी चहा घे. चहा झाला. मी म्हटलं, आणखी घे, घरात केलाय. दुसराही झाला. तिसरा दिला तेव्हा तो म्हणाला, आजी, मला काम करायचंय का पोहायचंय.

तेवढ्यात एक काळा भुंगा आला. गलेलठ्ठ, ट्रक येतो तसा आवाज करत. लांब दांड्याच्या फुलात पडला, आत लोळला, पिवळाजर्द होऊन निघाला, आणि भिंतीवरून सरळ सिस्टरकडे गेला. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मान वळेपर्यंत. मुलाच्या तोंडातून ब्रश पडला. गवंडीसुद्धा च्च् म्हणाला.

ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं, फुलाची कड आत वळायला लागली होती. मग एक मधमाशी आली, अगदी लहान, मुळ्यावरून उठलेली. तिनं काचेतलं पाणी प्यायलं. लांब दांड्याच्या फुलात गेली, इतका वेळ आत राहिली की मला वाटलं झोपली. बाहेर आली ती पायांना पिवळे गोळे बांधून. आणि तिथून ती बाळफुलात शिरली. भाऊजींनी भिंग लावलं नाही. हात थरथरत होता, त्यांनी तो तसाच थरथरू दिला. आत ती इकडून तिकडे फिरली, निघाली, पुन्हा आत गेली. तिच्यामागोमाग दुसरी आली.

मुलगा गवंड्याला म्हणाला, "आज नको. थोडे दिवस थांबा, बघू धरतं का."

गवंडी म्हणाला, वाळू पडलीय, माणूस ठरवलाय, मी थांबू कुठे. तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, न्हाणीघराची फरशी पाच जागी उखडलीय, किती दिवस सांगतेय, मी पडून मोडले की मग घालणार का. माझा मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी बुडत्याला दोर टाकला. लगेच म्हणाला, हो हो, तेच करू आधी. त्यालाही अंगण मोडायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. बोलून बसला होता आणि शब्द मागे घ्यायला जागा नव्हती, एवढंच.

मग वाट बघणं. फूल मिटलं, वाळलं, टोकाला सुरकुतलेल्या चिंधीसारखं लोंबत राहिलं. बाळ मात्र हिरवं होतं. आधीची बाळं या सुमारास पिवळी पडायची. न्हाणीघरात थापीचा आवाज आणि घरातला जो तो काही ना काही निमित्त काढून मागच्या दारी. सूनबाई कपडे वाळले का बघायला, कपडे न धुतलेल्या दिवशीही. मी जवळ जाऊन नुसती उभी राहायचे, हात लावायची हिंमत नव्हती. एका सकाळी ती चिंधी गळून पडली आणि बाळ पडलं नाही. त्याच्या मानेचा देठ जाड झाला होता, आणि तो भार पेलत होता. लिंबाएवढा होता, बघता बघता मुठीएवढा झाला.

मुलगा कामावर जाता जाता वाकला आणि त्यानं त्याला बोटानं दाबून बघितलं.

"अरे गाढवा, हात काढ," भाऊजी ओरडले. "फळ आहे ते, दारावरची घंटा नाही. कामावर जा, उशीर होतोय तुला."

मुलानं हात काढला. तो रागावला नाही, उलट जाताना हसत गेला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ते ओरडले, आणि ते माझ्या मुलावर, त्याच्या घरात, त्याच्याच अंगणात. आपण कोणाच्या घरात राहतो ते त्या क्षणी भाऊजी साफ विसरून गेले होते. मला मटकन खाली बसावंसं वाटलं, म्हणून मी मटाराच्या शेंगा घेऊन बसले, कोणी विचारलं तर काम दिसावं.

बाहेर सिस्टर उठल्या होत्या. भोपळा बघायला भिंतीवर कोपरं टेकलेली. म्हणाल्या, अर्धा माझा, माश्या माझ्या आहेत. भाऊजी म्हणाले, माश्यांच्या गळ्यात तुमचा बिल्ला आहे का. सिस्टर म्हणाल्या, कुंड्या तर माझ्या, त्या तरी परत द्या. भाऊजी म्हणाले, कुंड्या मिळणार नाहीत, त्या आता कामावर आहेत. मग पुढच्या वेळी भिंतीच्या कोणत्या बाजूला काय लावायचं यावर दोघांचं सुरू झालं. सूर्यफूल इकडे की तिकडे, काकडी की दोडका, मुळा किती फुलू द्यायचा. सिस्टर म्हणायच्या, फेकायचं आणि झोपायचं. भाऊजी म्हणायचे, असं कसं, ओळ तर पाहिजेच. आवाज चढत होते, उतरत होते, मध्येच कोणीतरी हसत होतं.

न्हाणीघरातून गवंड्यानं विचारलं, आजी, ते भांडतायत का. मी म्हटलं, भांडू दे.

थोड्या वेळानं पातेल्यात हात घातला तर तळाशी मूठभर दाणे. आणि सालींचा हा ढीग. सोलता सोलता सगळे मीच खाऊन टाकले होते.